सातव्या फटक्याचं कॅलेंडर

थप्पड मारली तेव्हा माझ्या हातात फळ्यावर लिहायचं मार्कर होतं, टोपण न लावलेलं, म्हणून रेनर हेंगच्या गालावर बोटांच्या आधी एक हिरवी रेघ उठली. बोटं नंतर आली, लाल, एकेक करून. मला ती मोजायला वेळ मिळाला, कारण वर्गातल्या अडतीस मुलांपैकी एकही हललं नाही आणि तोही हलला नाही. वर चार पंखे होते, त्यांतला खिडकीकडचा कुरकुरत होता. मुलांचे फोन सकाळीच कपाटात बंद होतात, नाहीतर दुपारपर्यंत मी अख्ख्या सिंगापूरला पाठ झालो असतो. आणि मग मी काय केलं असेल? मी फळ्याकडे वळलो, म्हणालो, "पुढची ओळ कोण घेतंय?" आणि कुणीतरी खरोखर हात वर केला. कोण ते आठवत नाही. मुलगी होती. तिनं सांगितलं की चौथ्या ओळीत चेतनगुणोक्ती आहे, रेडिओ माणसासारखा बोलतो, आणि मी म्हणालो, "छान. परिणाम काय होतो?" घंटा होईपर्यंत अकरा मिनिटं मी हे केलं. रेनर उभाच होता. बस म्हणायचं मला सुचलं नाही, आणि न सांगता बसायची त्याची तयारी नव्हती.

बारापासून मी साहित्यविभागाच्या सामानाच्या खोलीत बसून आहे. दीड वाजता उपमुख्याध्यापिका रोहायझा मॅडमच्या खोलीत बोलावलंय, मुलाचे वडील येतायत. इथे शिक्षकानं मुलावर हात टाकायचा नसतो. वेत मारायचा तर तो ठरलेल्या माणसाच्या हातून, साक्षीदार ठेवून, मुलाला आधी सांगून, म्हणजे सगळं रीतसर. माझं काहीच रीतसर नव्हतं. उजवा तळवा अजून चुरचुरतोय, आणि खरं सांगायचं तर त्या चुरचुरण्यात मला एक घाणेरडं सुख आहे, ते मी दाबून टाकतो, ते परत वर येतं. समोरच्या रॅकवर माझीच हस्तलिखित चिठ्ठी डकवलेली आहे, सात वर्षांपूर्वीची: कवी आणि कवितेतला मी एक नव्हे. हे वाक्य मी दर जानेवारीत नव्या मुलांना पहिल्या तासाला घोटून घेतो. मुद्दा, पुरावा, खुलासा, जोड, ही आमची उत्तराची चार पायऱ्यांची शिडी, आणि त्या शिडीखाली हे वाक्य. कवितेतला बाप वाईट असेल तर कवीचा बाप वाईट होता असं लिहायचं नाही, मार्क जातात. पेपरात एक न शिकवलेली कविता येते, तिच्यासाठी ही सगळी कवायत. आणि सराव घ्यायचा तर कविता आणायच्या कुठून? छापलेली कुठलीही दिली की शिकवणीवाल्यांकडे तिचं उत्तर तयार असतं. मुलं रात्रीत पाठ करून येतात आणि सगळ्यांना एकच अनुप्रास सापडतो. म्हणून आमच्याकडे शिक्षक स्वतःच लिहितात, वर टाकतात 'अनामिक', आणि मुलांपुढे ठेवतात. बहुतेक जण झाडांवर लिहितात, पावसावर लिहितात, पाडलेल्या जुन्या इमारतींवर लिहितात. मी माझा मार लिहिला.

आठ ओळी. मुलांपुढे ती अशी होती, इंग्रजीत, पण माझ्या डोक्यात ती नेहमी घरच्या बोलीत वाजते, जिच्यात बापाला पा म्हणतात:

संध्याकाळी पट्टा खुंटीवरून उतरतो.
बक्कल आधी बोलतं, मग चामडं.
पंख्याची सावली भिंतीवर फिरते, फिरत राहते.
शेजारचा रेडिओ मोठ्यानं बातम्या सांगतो.
मी नऊ वर्षांचा आहे, मी मोजतो.
सातव्या फटक्याला कॅलेंडर हलतं.
अकराव्याला पा दमतो.
माझ्या शर्टावर कुणाचं तरी पाणी.

गेल्या वर्षीच्या तुकडीलाही हीच दिली होती. एक मुलगी रडली होती. मी तिला टिश्यू दिला आणि घरी येऊन बायकोला, हुई मिनला, सांगितलं, आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पाठीवर डाव्या खांद्याखाली एक वण आहे, बोटभर लांब. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं तो पाहिला तेव्हा विचारलं, हे काय? मी म्हणालो, पा. पट्टा. एवढे दोनच शब्द. तिचे डोळे भरून आले, आणि ते इतकं बरं वाटलं की मी पुढे काही बोललो नाही. तो वण सायकलवरून नाल्यात पडल्याचा आहे. तेरा वर्षं ती त्या वणावर ओठ टेकवत आलीय.

रेनर हेंग जानेवारीपासून माझ्या वर्गात आहे. तिसऱ्या ओळीत भिंतीला टेकून बसतो, काळं जॅकेट घालून. ह्या उकाड्यात, जिथे मी स्वतः दुसऱ्या तासाला घामानं भिजतो, तिथे हा मनगटापर्यंत झाकलेला. दोनदा मी त्याला गणवेशाच्या नियमावर धरलं. "सर, थंडी वाजते," म्हणाला, आणि वर्ग हसला. मी त्याच्या नावापुढे शेरा लिहिला: उद्धट. पुरावा शोधायला शिकवणारा मी माणूस, पंधरा वर्षं मुलांना सांगतोय की कवितेत काहीही उगाच नसतं. सहा महिने जॅकेट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आज त्यानं हात वर केला तेव्हा मला बरंच वाटलं होतं, तो कधी करत नाही.

"सर, मुद्दा असा की हा माणूस थापा मारतोय."

"कोण माणूस?"

"ह्या कवितेतला मी. मार खाल्ला म्हणतो ना, नाही खाल्लेला."

मुलं हसली. मीही हसलो असणार. म्हणालो, "पुरावा?"

"कॅलेंडर, सर. सातव्या फटक्याला कॅलेंडर कुणाला दिसतं? डोळे मिटलेले असतात. आणि मोजता येत नाही. तिसऱ्यापर्यंत येतं, मग सगळं एकच होतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "लई अनुभव रे तुला!" पुन्हा हशा. तो मागे बघून म्हणाला, "गप ना बे," आणि परत कागदाकडे वळला. बोट ओळीखाली ठेवून बोलत होता, मी शिकवलं होतं तसंच, एकेका शब्दावर थांबत. "सगळ्या प्रतिमा बघा, सर. बक्कल ऐकू येतं. सावली दिसते. रेडिओ ऐकू येतो. सगळं डोळ्याचं नाहीतर कानाचं. कातडीचं एकही नाही. ज्याला लागतं तो आधी कातडीचं बोलेल ना? भाजतं, मग बधिर होतं, मग खाज सुटते. ह्याला काहीच होत नाहीये. आणि ही शेवटची ओळ. शर्टावर कुणाचं तरी पाणी. स्वतः रडत असता तर कुणाचं तरी कशाला? दुसराच कुणी मार खातोय. आणि हा त्याच्या एवढा जवळ आहे, की त्याचं रडणं ह्याच्या शर्टाला लागतंय. एवढ्या जवळ हा करतोय काय?" इथे तो थांबला. मला वाटतं त्यालाही ते त्याच क्षणी दिसलं. आवाज खाली आला. "धरलंय, सर. ह्यानं त्याला धरून ठेवलंय."

आता कुणी हसत नव्हतं. माझ्या कानात पंख्याची कुरकुर वाढत गेली. मी म्हणालो, कारण शिडीची एक पायरी राहिली होती आणि माझं तोंड माझ्याशिवाय चालत होतं, "जोड?"

"जोड अशी की कवी भेकड आहे."

"कवी नाही. कवितेतला मी."

"नाही सर," रेनर म्हणाला, "ह्यात कवीच."

मग ती हिरवी रेघ.

पा माझ्यावर कधीच हात उचलायचा नाही, आणि त्याचं कारण इंग्रजी. पा बंदरावर माल चढवायचा, सही म्हणून एक फुली करायचा. घरावर सरकारी कागद यायचे, घराच्या हप्त्याचे, पाण्याचे, शाळेचे, ते सगळे इंग्रजीत. संध्याकाळी तो जेवायला बसला की मी ते वाचून दाखवायचो आणि आमच्या तिओच्यू बोलीत सांगायचो. तो घास थांबवून माझ्या तोंडाकडे बघायचा, दुकानदार तराजूकडे बघतो तसा. मी बारा वर्षांचा होईपर्यंत घरात माझा दर्जा मुलाचा राहिला नव्हता, मुनिमाचा झाला होता. मुनिमाला कोण मारतं? मार होता तो बून हॉकसाठी. माझा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, कान मोठे, बडबड्या, किल्ली हरवणारा. त्या वर्षात तिसऱ्यांदा त्यानं घराची किल्ली हरवली, ती गोष्ट. पा पट्टा काढतो म्हटल्यावर हॉक धावायचा, स्वैपाकघरात, आईच्या मागे, पलंगाखाली, आणि पा म्हातारा होत चालला होता, पाठ धरायची. त्या दिवशी पा मला म्हणाला, "धर रे त्याला." कागद वाच म्हणायचा त्याच आवाजात. आणि मी धरलं. मी चौदाचा. त्याचे दोन्ही दंड माझ्या मुठीत आले, इतके बारीक होते. तो माझ्याकडे तोंड करून होता, माझ्या छातीत डोकं खुपसत होता, "हिया, हिया," थोरल्या भावाला आम्ही हिया म्हणतो, मला वाटतं त्याला वाटत होतं मी त्याला कुशीत घेतलंय. पट्टा वळून मला लागू नये म्हणून मी त्याला थोडं पुढे ढकलून धरलं, हातभर. तेवढं अंतर मी बरोबर मोजलं होतं. भिंतीवर तांदूळवाल्याचं कॅलेंडर होतं. सातव्या फटक्याला बक्कल उलटलं आणि त्याच्या डाव्या कानावर बसलं, आणि तो एकदम गप्प झाला. पा पुढचे चार त्या गप्प बसलेल्या मुलाला मारत राहिला, आणि मी गप्प बसलेल्या मुलाला धरून राहिलो. नंतर पा म्हणाला, "जा, तोंड धुवा," दोघांनाही.

हॉकला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बेडोक भागात त्याचा माशाच्या गोळ्यांच्या नूडल्सचा ठेला आहे, गिऱ्हाइकं डावीकडून ओरडली की त्याला कळत नाही, म्हणून त्यानं ठेल्याची मांडणीच उलटी करून घेतलीय. नव्या वर्षाच्या जेवणाला सगळे जमतो. एका वर्षी हुई मिन पिऊन थोडी सैल झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यांनी लहानपणी काय काय सोसलंय, पाठीवर अजून आहे." मी भाताच्या वाडग्यात बघत होतो. हॉकनं ऐकलं, ती त्याच्या उजवीकडेच बसली होती. त्यानं चॉपस्टिकनं माशाच्या गालफडाचा तुकडा काढला, सगळ्यात मऊ असतो तो, आणि माझ्या वाडग्यात ठेवला. "खा, हिया," म्हणाला. तेव्हा मी त्याला मारू शकलो असतो. खरंच. त्याच्या मोठेपणावर मला इतका राग आला की हात टेबलाखाली आवळले गेले. वर्गात आज जो हात उठला तो त्या जेवणापासून अर्धवट उठलेलाच होता असं मला आत्ता वाटतं. किंवा असं म्हटलं की जरा बरं दिसतं, तेवढ्यासाठी म्हणत असेन. माझा माझ्यावर भरवसा नाही.

दीडला पाच मिनिटं असतानाच रोहायझा मॅडमनी मला आत घेतलं. दार लावून घेतलं. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, डोक्यावरचा रुमाल टाचण्यांनी नीट बसवलेला, टेबलावर खजुराची डबी. "क्वेक, हे बघ," त्या म्हणाल्या, "बाप तक्रार करणार नाही म्हणतोय. फोनवर उलट माफी मागत होता बिचारा. मुलगा माफी मागेल, तू दोन ओळी लिहून दे, मुलगा उद्धट बोलला, माझा तोल गेला. मी वर पाठवते, तुला ताकीद मिळेल, संपलं. विभागप्रमुखपदासाठी तुझं नाव गेलंय, माहितीय ना? दुसरं काही लिहिलंस तर मी काही करू शकणार नाही." कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "बोलला ना तो उद्धट?"

मी म्हणालो, "बोलला."

मग ते दोघं आत आले. हेंग आडवा माणूस होता, क्रेनवर काम करणारा, पायात लोखंडी टोकाचे बूट, साइटवरून थेट आलेला, हेल्मेट काखेत. रेनर त्याच्या पुढे, काळ्या जॅकेटमध्ये. गालावरची हिरवी रेघ त्यानं पुसली नव्हती. बापाची बोटं मुलाच्या मानेवर होती, मागून, हलकेच, बघणाऱ्याला माया वाटावी अशी. मला ती पकड ओळखीची वाटली. तिसऱ्यापर्यंत मोजता येतं. भाजतं, मग बधिर होतं, मग खाज सुटते. सकाळपासून मी स्वतःच्याच चोरीत इतका गुंतलो होतो की हे त्याला कुठून कळलं असेल, हा साधा प्रश्न मला आत्ता, त्याच्या मानेवरची ती बोटं बघून पडला.

"सर, माफ करा," हेंग म्हणाला. "ह्याची जीभ लांब आहे. तुम्ही एकच मारलीत, मी असतो तर... असो. शिक्षक आहात, तुमचा हक्क आहे. ए, माग माफी."

रेनर जमिनीकडे बघत होता.

"काय बोललास सरांना? सांग मॅडमना. घरी तर लई तोंड चालतं."

तो वर बघेना. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मला त्या नजरेचा अर्थ लावायला चार पायऱ्या लागल्या नाहीत. तो माफी मागायला घाबरत नव्हता. मी बोलेन म्हणून घाबरत होता. तो काय बोलला ते बापासमोर सांगितलं तर ते त्याला कसं माहीत हेही सांगितल्यासारखं होतं. आणि न सांगता माफी घेतली, तर सरांना उलटून बोलल्याबद्दल संध्याकाळी घरी जे व्हायचं ते होणारच होतं. माझी नोकरी, माझी बढती ह्या हिशेबात कुठे होती? होती. सगळ्यात वर होती, मी खोटं का बोलू. मी टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे बघितलं.

"माग म्हणतो ना!" हेंगचा आवाज चढला. हेल्मेट खुर्चीवर पडलं. रेनर मान सोडवून, बापाकडे तोंड करून मागे सरला, एक पाऊल, दुसरं, आणि त्याची पाठ येऊन माझ्या छातीला टेकली. मी टेबलाच्या ह्या बाजूला उभा होतो, त्याच्यामागे फक्त मीच होतो. आणि माझे हात वर आले. मी ते आणले नाहीत, ते आले, आणि त्याच्या दोन्ही दंडांवर बसले. जॅकेटच्या आत दंड बारीक होते, आणि उजव्यावर, कापडाखालून, माझ्या बोटांना एक उंचवटा लागला, मग दुसरा, आडवे, एकाखाली एक. मला ते कळलं. ते काय आहे ते मला कळलं आणि तरी मी सोडलं नाही, त्याला धरून मी हातभर पुढे केलं. हेंगचा पंजा त्याच्या दुसऱ्या गालावर बसला. धक्क्यानं मुलगा मागे आला आणि त्याचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं. रोहायझा मॅडम किंचाळल्या, "हेंग!" खजुराची डबी खाली गेली. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. हेंगनं दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मी मुलाला बाजूला लोटलं आणि तो हात माझ्यावर घेतला, कानशिलात, आणि मग मी त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला कपाटावर आदळलं. एकदा. पुन्हा. फायली खाली आल्या. तो माझ्याहून दुप्पट ताकदीचा होता आणि तो मला मारत नव्हता, नुसता बघत होता, त्याला समजतच नव्हतं. "सर," तो म्हणत होता, "सर, अहो, माझाच पोरगा आहे."

मला दारावरच्या शिपायानं आणि व्यायामाच्या मास्तरांनी मागे ओढलं.

हेंगला मास्तर बाहेर बाकावर घेऊन गेले. मी म्हणालो, "मॅडम, मुलगा उद्धट बोलला नाही. मी कविता दिली होती, त्यानं ती बरोबर वाचली. ती मीच लिहिलीय. मार माझ्या भावाला पडला होता, मी त्याला धरलं होतं. हे आत्ता धरलं तसंच. ह्यानं ते आठ ओळींत ओळखलं, कारण ह्याला मार म्हणजे काय ते माहितीय. त्याचा दंड बघा." एवढं बोलायला मला तेहतीस वर्षं लागली होती, आणि बोलून झाल्यावर काहीही हलकं झालं नाही. हनुवटी दुखत होती. रोहायझा मॅडम रेनरसमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, बाही वर करशील? नको असेल तर नको." त्यानं माझ्याकडे बघत बघतच चेन खाली ओढली.

मी बघितलं. मोजले नाहीत.

मॅडम फोन लावायला आतल्या खोलीत गेल्या. मुलांवर हात उठवणाऱ्या आईबापांची चौकशी करणारं खातं आहे, त्यांना कळवावं लागतं. माझ्याबद्दलही त्यांना कुणालातरी कळवावं लागणारच होतं. रेनर खुर्चीत बसला होता, जॅकेट मांडीवर, दंड उघडे, दोन्ही गाल सुजलेले, एकावर माझी रेघ. मला त्याची माफी मागायची होती आणि मागून काय होणार हेही कळत नव्हतं.

"सर," तो म्हणाला. "तुमचा भाऊ आहे का अजून?"

"आहे. बेडोकला. नूडल्स विकतो."

"बोलता येतं त्याला?"

"येतं की. भरपूर बोलतो."

त्यानं ह्यावर विचार केला, वर्गात केला होता तसा, घाई न करता.

"मग त्याचा मार तुम्ही का सांगताय?"

मी कोरा कागद पुढे ओढला. मॅडमनी दोनच ओळी मागितल्या होत्या. मी पहिल्या ओळीत लिहिलं की आज वर्गात मी एका मुलाला मारलं कारण तो खरं बोलला, दुसऱ्या ओळीत लिहिलं की दीड वाजता त्याच्या बापानं त्याला मारलं तेव्हा मी त्याला धरलं होतं, आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.